डिस्क एरर आणि पप्पांचा डावा हात

आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि बाहेर पडायला दार एकच. बारावीनंतरचे आठ महिने मी त्या दाराच्या आत काढले, आणि त्यातला बहुतेक वेळ पप्पांच्या पलंगापासून चार पावलांच्या आत. आमची कॉलनी नाशिक रोड स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. वारा आमच्या बाजूला असला की स्टेशनातली घोषणा शब्दन् शब्द ऐकू यायची, आणि मनमाडकडे जाणारी कुठली गाडी किती नंबरच्या फलाटावर येते ते मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गाडीत बसायचा मात्र प्रश्न नव्हता. सकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा व्हायचा, कॉलनीतली माणसं सायकली आणि स्कूटर काढायची, बायका नळावर भांडून घ्यायच्या, पोरं शाळेला पळायची, आणि मग एकदम सगळं शांत व्हायचं. त्या शांततेत पप्पांच्या घशातली घरघर ऐकत मी स्टुलावर बसलेली असायचे.

पप्पांना दिवाळीच्या तोंडावर लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ते कारकून होते, पण कॉलनीत त्यांना त्यासाठी कुणी ओळखत नव्हतं. पप्पा गायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नात, कुणाच्या पोराच्या नामकरणाला त्यांची गायन पार्टी असायची, आणि गाणी त्यांनी स्वतः रचलेली असायची. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे मिटलेले. माइक नसला तरी चालायचं. त्या माणसाच्या तोंडून आता नुसता ‘अंऽ’ यायचा, आणि तोही तो फार चिडला तरच.

माझा डिप्लोमाला नंबर लागला होता, इलेक्ट्रॉनिक्सला. अडीच-तीन महिने मी कॉलेजला गेलेही. मम्मी कळवणच्या पलीकडे एका आश्रमशाळेत शिकवायची. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायची ती शनिवारी संध्याकाळी यायची, पिशवीत तिकडच्या शेतातली मेथी नाहीतर वाल घेऊन. पप्पांचा पगार थांबला होता, तेव्हा मम्मीनं नोकरी सोडायचा विषयच नव्हता. “एकच वर्ष, विशू,” ती म्हणाली. मी ‘बरं’ म्हणाले. भाऊ असता तर त्याला कॉलेज सोडायला सांगितलं असतं का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. नंतर विचारला, तेव्हा ती म्हणाली, “तुला भाऊ कुठंय?” तिच्याशी वाद घालायची सोय कधीच नव्हती.

दिवस ठरलेला होता. अंग पुसणं, कूस बदलणं, चादर, तेल लावून पाय चोळणं, औषधं. सकाळी नाचणीची पेज, दुपारी आणि संध्याकाळी मुगाची पातळ खिचडी, डावानं घोटून घोटून अगदी गिळगिळीत केलेली. माझं जेवण म्हणजे भाकरी आणि बोंबलाची चटणी, आणि तीही आतल्या खोलीत दार लोटून, ओट्याशी उभ्यानं. पप्पांचा बोंबलावर जीव, आणि त्यांना तो घशाखाली उतरला नसता. वास जाऊ नये म्हणून मी चटणी भाजायचीच सोडली, कच्च्या बोंबलावर तिखट टाकून खायला लागले. आजही मला तो प्रकार आवडतो, घरातल्यांना किळस येते.

खरा छळ जेवणाचा होता. पलंग भिंतीला लावलेला, बाहेरचं दार पप्पांच्या डाव्या हाताला. मी पलंगाच्या आणि दाराच्या मधे स्टूल टाकून बसायचे. चमचा तोंडाशी नेला की पप्पांचा डावा हात उठायचा आणि माझ्या खांद्याला जोरात धक्का द्यायचा. खिचडी सांडायची. पुन्हा चमचा, पुन्हा धक्का. मग पप्पा तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे. अर्ध्या वाटीच्या पुढे घास जात नसे. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट चिडचिडे होतात, मनावर घेऊ नका. घेतलं नसतं हो. पण रविवारी मम्मीच्या हातून ते निमूट जेवायचे. मधुकाका, त्यांच्या पार्टीतले ढोलकीवाले, अधूनमधून यायचे, त्यांच्याही हातून चार घास खायचे. ढकलायचे ते फक्त मला. मी मीठ वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, जिऱ्याची फोडणी देऊन पाहिली, खिचडी निववून पाहिली. शेवटी ठरवून टाकलं की या माणसाला माझं तोंड बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचं बघवेनासं झालं होतं. शेजारच्या बायका दारातून विचारायच्या, “कशी आहेस गं?” मी म्हणायचे, “बरी आहे.” त्या पुढं जायच्या.

आता त्या यंत्राबद्दल. पप्पांनी आजारपणाच्या आदल्या वर्षी एक एमपीथ्री प्लेअर घेतला होता. बोटभर लांबीचा, निळ्या उजेडाच्या पडद्याचा, रिमोटला लागतो तो बारीक सेल घातला की चालणारा. त्यात आवाज भरायची सोय होती. पप्पांनी आयुष्यात गाणं कागदावर उतरवलं नव्हतं. सगळं डोक्यात. त्या वर्षी मात्र काय मनात आलं कोण जाणे, रोज संध्याकाळी कामावरून आले की प्लेअर पिठाच्या डब्यावर उभा करायचे आणि एकेक गाणं त्यात भरायचे. माझं बारावीचं वर्ष, सहाला क्लास. मी दप्तर खांद्याला लावून दारात ऐकत उभी राहायचे. अशी अकरा गाणी झाली.

लकवा मारल्यावर मम्मीनं तो प्लेअर भिंतीवरच्या फळीवर ठेवला, बुद्धांच्या मूर्तीशेजारी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. “त्यांचा आवाज आहे त्यात,” ती म्हणाली, “तो काही असातसा कुठंही पडायला नको.” वाजवायची मात्र बंदी. ऐकून त्यांना त्रास होईल, रडतील. सकाळ-संध्याकाळ वंदना मीच घ्यायचे. मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण, पंचशील. फळी वीतभर रुंद, त्यामुळे मेणबत्ती प्लेअरला खेटूनच लागायची. हे मी आत्ता सांगते आहे म्हणून महत्त्वाचं वाटतंय. तेव्हा त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मार्चमध्ये मधुकाका आले. जयंती तोंडावर आलेली.

“पोरी, या साली कॉलनीतल्या पोरांकडून तुझ्या बापाची गाणी बसवून घेतो,” ते म्हणाले. “चाली माझ्या हातात हायेत, पण शब्द मला येत नाय. त्यानं कधी कागदाला पेन लावलं नाय बघ. तेवढं त्या डबीत हाय.”

मी मम्मीला न विचारता प्लेअर फळीवरून काढला. बटण दाबलं. पडदा लागला आणि त्यावर आलं: लो बॅटरी. साहजिकच होतं. टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून घातला. आता आलं: मेमरी फुल. मेमरी भरली म्हणजे जागा करायला हवी, एवढं कुणालाही कळतं. यादी कशीबशी उघडली, पप्पांनी कुणाकडून तरी भरून घेतलेली सिनेमाची तीन गाणी होती ती पुसली. तरी मेमरी फुल. एकही गाणं वाजेना. मी बराच वेळ यादीकडे बघत बसले. मग नळावरचं गाणं पुसलं.

कॉलनीच्या नळावर पप्पांनी केलेलं ते गमतीचं गाणं होतं. कुणाची घागर पुढं, कुणाची मागं, आणि शेवटी पाणीच जातं. बाया हसून हसून लोळायच्या. मी मनाशी म्हटलं, जयंतीच्या कार्यक्रमाला ते तसंही चालणार नाही, एक गेलं तर दहा वाचतील. बटण दाबलं आणि ते गेलं. पुढच्याच क्षणाला पडद्यावर आलं: डिस्क एरर. फॉरमॅट? येस, नो.

आज मी अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल तपासते. नवीन पोरं धावत येतात, “मॅडम, स्क्रीनवर अमुक एरर आलाय.” मी म्हणते, स्क्रीनला काय कळतंय, आधी वायरी बघ. वीज कमी पोचली की असल्या यंत्राला स्वतःचंच पोट नीट वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याला ते कधी भरलेलं म्हणतं, कधी मोडलेलं म्हणतं. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो, त्याला तेवढंच बोलता येतं. हे मला अठराव्या वर्षी ठाऊक असतं तर नळावरचं गाणं आज असतं. मला त्यातल्या दोनच ओळी आठवतात आणि त्याही मी कुणाला म्हणून दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी मधुकाका पप्पांपाशी बसले आणि मी प्लेअर घेऊन बाजारात गेले. कित्येक आठवड्यांनी मी चपला घातल्या होत्या. ऊन, रिक्षांचे भोंगे, रसाच्या गाड्यावरचे घुंगरू, कॉलेजच्या मुली हसत चाललेल्या. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले. सरळ परत फिरून स्टेशनात शिरावं आणि येईल त्या गाडीत बसावं, असं इतक्या जोरात वाटलं की माझी मलाच भीती वाटली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं झाकण उघडलं, स्वतःचा सेल घालून पाहिला, काढला, प्लेअर परत माझ्या हातात दिला.

“ताई, लिहिलंय ना त्याच्यावर. फॉरमॅट मारा, मोकळं होऊन जाईल.”

“आणि आतली गाणी?”

“जातील ना ती. मी नवीन पिक्चरची भरून देतो की, फुल्ल!”

घरी येईपर्यंत ‘मोकळं होऊन जाईल’ हे त्याचे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आता लिहिताना लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. माझ्यातल्या एका भागाला ती गाणी जायला हवी होती. त्या घरात मी काय काय सांभाळत होते! पप्पांचं अंग, पप्पांची औषधं, पप्पांची वेळ, आणि आता पप्पांचा आवाजही मीच सांभाळायचा. एवढं एक ओझं तरी यंत्राच्या सांगण्यावरून, माझ्या अंगाला न लागता, खाली ठेवता आलं असतं. मम्मीला सांगितलं असतं, बिघडला.

मधुकाका गेले. मी खिचडी केली. स्टुलावर बसले तेव्हा दारातून उन्हाची तिरीप पलंगाखालपर्यंत आली होती. मांडीवर वाटी, उजव्या हातात चमचा, डाव्या हातात प्लेअर, पडद्यावर तोच प्रश्न आणि माझा अंगठा येसवर. म्हटलं, हा एक घास भरवते आणि दाबते. चमचा पुढं केला. पप्पांचा हात उठला आणि असा धक्का बसला की वाटी एकीकडे, मी एकीकडे, आणि प्लेअर हातातून उडून फरशीवर. झाकण निघालं, सेल गडगडत पलंगाखाली गेला.

“मग राहा उपाशी!” मी ओरडले. “मरा एकदाचे, नाहीतर मला तरी मरू द्या!” असं मी माझ्या बापाला म्हणाले, जो मला उत्तर देऊ शकत नव्हता.

आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, सेल शोधायला पलंगाखाली शिरले. उताणा पडलेला प्लेअर उन्हाच्या तिरिपीत होता. सेल बसतो त्या खोबणीत तळाशी एक स्प्रिंग असते. तिच्यावर मला पातळ, पांढुरकी साय दिसली. नखानं खरवडली, ती नखात आली. वास घेतला. मेणबत्ती. सकाळ-संध्याकाळ, इतके महिने, मी हात जोडून त्या प्लेअरवर मेण गाळत होते. फटीतून थेंब थेंब आत जाऊन त्यानं स्प्रिंगवर पांघरूण घातलं होतं. वीज पोचणार कशी? भरलं काही नव्हतं, मोडलं काही नव्हतं. पलंगाखाली पालथी पडून मी हसायला लागले, आणि मला वाटतं पप्पांना ते रडणं वाटलं असावं, कारण वरून एक ‘अंऽ’ आला.

बांगडीतली सेफ्टी पिन काढून स्प्रिंग साफ केली, ओढणीनं पुसली, सेल घातला. दहा गाणी. मम्मीच्या बंदीचं मला भानच राहिलं नाही. प्लेअरला बाहेर आवाज काढायची सोय नव्हती, कानात घालायची वायर होती. तिचं एक टोक मी पप्पांच्या डाव्या कानात घातलं आणि दुसरं माझ्या कानात. वायर आखूड, त्यामुळे मला डोकं त्यांच्या उशीला टेकावं लागलं. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या इतक्या जवळ कामाशिवाय गेले नव्हते.

गाणं सुरू झालं. मी छताकडे बघत ऐकत होते. पप्पा रडले नाहीत. उशीवर त्यांची हनुवटी ठेक्यात किंचित हलत होती. गाणं संपलं, पण आवाज बंद झाला नाही, कारण गाणं संपल्यावर ते बटण शोधायला त्यांना नेहमी वेळ लागायचा. खुडबुड झाली आणि मग माझ्या कानात पप्पा अगदी रोजच्या आवाजात बोलले, “झालं. जा गं विशू, क्लासला जा. उशीर होतो. दार ओढून घे.”

त्याच क्षणी डावा हात उठला आणि माझ्या खांद्याला धक्का बसला. वायर कानातून निघाली. मी चिडून ती परत घातली आणि दुसरं गाणं लावलं. तेही संपलं. “विशू, अजून इथंच? जा बाई, सहा वाजले.” पुन्हा धक्का. तिसऱ्या गाण्याला मी उठून बसले आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले. गाणं चालू होतं तोवर हात पांघरुणावर शांत पडून होता. “जा गं आता,” असं कानात आलं आणि हात उठला, माझ्या खांद्याला लागला, आणि मी बाजूला झाले तरी तसाच पुढं जात राहिला. पुढं दार होतं.

मी दाराकडे पाहिलं. मग विचारलं, “पप्पा, मी कॉलेजला जाऊ?”

हात खाली आला. पांघरुणावर सपाट पडला आणि तिथंच राहिला. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, फार दिवसांनी भिंतीकडे न बघता माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. पातेल्यात उरलेली खिचडी गार झाली होती. ती त्यांनी सगळी खाल्ली.

शनिवारी मम्मीला सांगितलं तर तिनं मेथी निवडता निवडता उडवून लावलं. “आजारी माणसाच्या हाताचा काय अर्थ लावतेस? तुला जायचंय म्हणून तुला तसं दिसतं.” आता हे अगदीच खोटं होतं असं नाही, म्हणून मला जास्त झोंबलं. मी तिच्या कानात वायर घातली. तिनं दोन गाणी ऐकली, पप्पांच्या हाताकडे पाहत. मग मेथीची जुडी बाजूला सारून पदरानं तोंड पुसलं. “मला वाटायचं तुझ्या हाताला चव नाही,” ती म्हणाली. प्लेअर फळीवर परत ठेवताना तिनं मेणबत्ती दुसऱ्या टोकाला सरकवली.

वाट मधुकाकांनी काढली. ते नोकरीतून सुटले होते, घरात सून त्यांना बसू देत नव्हती. “मी बसतो की दिवसभर,” ते म्हणाले. “वीस वर्षं याच्या शेजारी बसूनच ढोलकी वाजवली, आता नुसतं बसायचं.” जयंतीला पोरांनी दहाच्या दहा गाणी म्हटली. मधुकाकांचं म्हणणं होतं की प्लेअरमधून उतरवून घेताना शेवटचं ते ‘जा गं, जा गं’ कापून टाक, ऐकायला बरं वाटत नाही. मी कापलं नाही. प्लेअर पुढं कायमचा बंद पडला, पण गाणी तशीच, शेपटासकट, माझ्या फोनमध्ये आहेत.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. सगळं पुन्हा पहिल्यापासून, बरोबरची मुलं पुढं गेलेली. पहिल्या दिवशी निघताना मी दारात घुटमळले. पप्पांनी डावा हात उचलला, तेव्हा मात्र मी लगेच निघाले. दार ओढून घेतलं. संध्याकाळी परत आले तेव्हा मधुकाका चपला घालत होते.

“दोन वाट्या खाल्ल्या गं आज,” ते म्हणाले. “पुसून.”

मी ‘बरं झालं’ म्हणाले, दप्तर ठेवलं, आतल्या खोलीत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. आनंद होताच, पण राग त्याहून मोठा होता, आणि तो कुणावर काढावा हे मला अजून कळलेलं नाही. पाच महिने तो माणूस अर्धपोटी राहून मला घराबाहेर काढायला बघत होता, आणि मी रोज त्याला विचारत होते, पप्पा, मीठ कमी झालं का?